बायनाबाईचे तीन दगड

बायनाबाई आमच्या निवाऱ्यात आली त्याच दिवशी माझ्याशी भांडली. कारण काय, तर भाकरी. निवाऱ्यात सगळ्यांचा स्वयंपाक आमच्या बचत गटाच्या बायका करतात, आणि गटाची अध्यक्ष म्हणून मला त्या स्वयंपाकाचा जरा जास्तच अभिमान आहे. बायनाबाईनं भाकरी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "वनमालाबाई, ह्यातून तर पलीकडचं लिंबाचं झाड दिसायलंय."

माझा पारा चढला. बसस्टँडवर बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढलेली ही म्हातारी, अंगावर धड लुगडं नाही, आणि आमच्या भाकरीला नावं ठेवते! मी म्हणाले, "उद्यापासून तुमीच थापा मग." दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर बाई परातीपुढे मांडी ठोकून बसलेली. तिची भाकरी जाड, कडेला करपलेली, पण दोन खाल्ल्या की माणूस संध्याकाळपर्यंत काही मागत नसे. आठवडाभरात निवाऱ्यातली माणसं तिचीच भाकरी मागायला लागली. मला राग आलाच.

निवारा म्हणजे पाटबंधारे खात्याची जुनी कॉलनी. धरणाचं काम संपलं, साहेब लोक गेले, क्वार्टर ओस पडली आणि तिथं शेळ्या बसायला लागल्या. त्यातली एक ओळ चौघांनी मिळून बेघरांसाठी उघडली. खोल्या पाटबंधारेच्या, वीज-पाणी नगरपालिकेचं, अर्ज-दाखले एका संस्थेचे आणि पोटाचं आम्ही बायकांनी बघायचं. एका माणसाला अकरा महिने. तेवढ्यात त्यानं काम धरायचं, कुठंतरी भाड्याची खोली बघायची आणि आपली जागा पुढच्याला मोकळी करून द्यायची. कागदावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात बारभाईचा कारभार. आमच्या मासिक बैठकीत चौघांचं एकमत फक्त चहाच्या वेळी व्हायचं.

पाटबंधारेनं खोल्या देताना एकच अट घातली होती. खोलीत विस्तव पेटवायचा नाही. आदल्या हिवाळ्यात रखवालदाराच्या शेगडीनं टोकाच्या खोलीचं छत जळालं होतं आणि ते काळं छत अजून तसंच होतं. खात्याचे इंजिनिअर परमेश्वर साहेब पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, "एका खोलीतून जरी धूर निघाला, तरी मी आख्खी ओळ परत घेईन." माणूस तरुण, कपड्याला कडक इस्त्री, बोलणं मोजून-मापून. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला ते मुळीच आवडत नसत, आणि हे मी लपवतही नसे.

बायनाबाई धर्मापुरीकडची. लग्न झालं त्याच साली तिच्या हातात ऊस तोडायचा कोयता आला. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकटं माणूस असलं की तो अर्धा कोयता. नवरा वारल्यावर ती मुलाच्या जोडीला लागली. मुलाचं लग्न झालं, सून जोडीला आली, तेव्हा बायनाबाई कोपीवर राहून नात सांभाळायला लागली. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, दिवाळी झाली की परमुलखातल्या रानात उभी राहणारी आणि उन्हाळ्यात मोडून टाकायची. "माजं निम्मं आयुष्य कोपीत आन् निम्मं कोपीच्या वाटंवर," असं ती सांगायची. सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसायची, आणि त्याचंच मला वाईट वाटायचं.

मग कारखान्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली उलटली आणि तिचा मुलगा त्याखाली सापडून गेला. सुनेला माहेरच्यांनी दुसरं घर बघून दिलं. गावी परत आल्यावर भावकीनं बायनाबाईच्या घरावरचे पत्रे उतरवून नेले, जागा आमच्या नावावर हाय म्हणून. ती टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडे गेली. मुकादम म्हणाला, "म्हातारे, तुला आता अर्धा कोयता तरी कसं म्हनू?" त्या दिवसापासून आजी आणि नात दोघींचा मुक्काम आमच्या गावच्या बसस्टँडवर.

नातीचं नाव करिष्मा. वय नऊ. पोलिसांनी एक दिवस तिला स्टँडवरून उचलून बाल कल्याण समितीपुढे नेलं आणि समितीनं बीडच्या बालगृहात ठेवलं. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दारूडे, गर्दुल्ले, उघडी फरशी. मुलीच्या जातीला ती जागा नव्हतीच. समितीच्या मनिषा मॅडम बायनाबाईला म्हणाल्या, "डोक्यावर छप्पर दाखवा, नात घेऊन जा." बायनाबाईला आमच्याकडची खोली हवी होती ती एवढ्यासाठी. तिला स्वतःला स्टँडसुद्धा चाललं असतं, आणि तसं ती मला तोंडावर सांगायची.

दिवाळी झाली. कॉलनीसमोरच्या रस्त्यानं टोळ्यांचे ट्रक जायला लागले. वर बायका-पोरं, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे हंडे, एखादी शेळी. ट्रकचा आवाज आला की बायनाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून कुंपणापाशी जायची आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभी राहायची. खोलीत येऊन तिला पुष्कळ दिवस झाले होते, पण तिचं गाठोडं अजून बांधलेलंच होतं. मी म्हटलं, "अवो, सोडा की ते. घर झालं आता." ती म्हणाली, "पोर आली की सोडू."

मनिषा मॅडम सोमवारी येणार होत्या. करिष्माला सोबत आणायची, खोली बघायची आणि सगळं ठीक वाटलं तर पोरगी तिथंच आजीच्या हवाली करायची, असं ठरलं होतं. त्याच दिवशी आमची बैठकही होती, म्हणजे परमेश्वर साहेबही येणार होते. मी आणि बायनाबाईनं खोली शेणानं सारवल्यासारखी फरशी घासली, भिंतीला चुना मारला. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि रविवारी दुपारी सुंदरराव आले.

सुंदरराव हे माजी नगरसेवक. पण 'माजी' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नाही. सोबत त्यांचा ड्रायव्हर आणि ड्रायव्हरची बायको. ड्रायव्हरला गावात दोन खोल्यांचं घर होतं, ते त्याला अपुरं पडत होतं. सुंदररावांनी न विचारता बायनाबाईचं दार ढकललं, आत जाऊन मधोमध उभे राहिले आणि हातवारे करत म्हणाले, "इथं कपाट बसंल. तिकडं खाट."

मी धावत गेले. "सुंदरराव, ही खोली बायनाबाईची हाय."

"म्हातारी एकटी हाय की. एकट्या बाईला आख्खी खोली कावून पायजे? दे तिला वऱ्हांड्यात जागा."

"उद्या तिची नात यायलीय."

"येईल तवा बघू. उद्या साहेब येणारच हायत, मी बोलतो त्यास्नी." एवढं बोलून ते निघाले. जाताना ड्रायव्हरच्या बायकोनं खिडकीला पडदा केवढा लागेल ते वितीनं मोजून घेतलं.

बायनाबाई हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात येऊन तिनं मला विचारलं, "बाई, ही खोली माजी हाय, याची खूण काय?"

"खूण कशाला? बैठकीच्या ठरावात तुमचं नाव हाय."

"मला कुठं वाचता येतंय."

"तुमाला न्हाई येत. सुंदररावाला येतंय ना."

"त्यास्नी येतंय आन् तरी ते आलते," ती म्हणाली. मी कांदे चिरायला बसले. ती पाटाच्या दिशेनं गेली आणि येताना पदरात काहीतरी जड घेऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, "दगड हायत." कशाला म्हटलं, तर "लागत्यात." मला वाटलं, वाऱ्यानं दार आपटतं, त्याला लावायला असतील. उद्याच्या पाहुण्यांच्या पोह्यांचं माझ्या डोक्यात होतं, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी जीप फाटकाशी थांबली. मी हात पुसत बाहेर आले, आणि ओळीकडे नजर गेली तर बायनाबाईच्या खिडकीतून धूर निघत होता. चप्पल घालायचंही भान राहिलं नाही, तशीच पळाले.

आत खोलीच्या मागच्या भिंतीशी तीन दगड मांडलेले, त्यात बाभळीची लाकडं धडधडून पेटलेली. गाठोडं सुटलं होतं. त्यातून तवा निघाला होता, काठवट निघाली होती, दोन जर्मनच्या ताटल्या निघाल्या होत्या. बायनाबाई तव्यावर भाकरी टाकत होती आणि तिचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

"बायनाबाई, इझवा ते! साहेब आलेत फाटकात!"

"येऊ द्या की. चूल पेटली आता. आता सुंदरराव येऊ दे न्हाई तर त्याचा बाप येऊ दे."

"अवो, काय बोलायलाव तुमी?"

तिनं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. टोळी नव्या रानात उतरली की पुरुष माणसं सामान सोडतात तोवर बायका धावत जाऊन दगड मांडतात. जिथं जिची चूल पेटली, ती जागा तिची. मग मुकादमसुद्धा तिला तिथून हलव म्हणत नाही. आणि टोळी उठायची वेळ झाली की तीच बाई आपल्या हातानं दगड पाडते. पाडले की जागा सुटली. दुसऱ्या कुणी त्या दगडांना हात लावायचा नाही. एवढ्या वर्षांत कुणी लावला नव्हता, असं ती म्हणाली.

मी कोपऱ्यातली घागर उचलली. तिनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात केवढी ताकद! "पेटल्या चुलीवर पानी वततीस व्हय गं? आज पोर यायलीय माजी."

आणि दारात सावली पडली. पुढे परमेश्वर साहेब, त्यांच्यामागे मनिषा मॅडम, आणि त्यांच्यामागे, बोलावलं नसताना, सुंदरराव.

"वनमालाताई, हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"बघा साहेब," सुंदरराव म्हणाले. "ही असली माणसं. ह्यांना पक्क्या खोलीत राहायची अक्कल हाय का?"

"तुमी गप बसा!" मी ओरडले. "हे सगळं तुमच्यामुळं झालंय. काल कपाटाची जागा बघून गेलते ते कोण? सांगू का सगळ्यांना?" ओरडून काही साधलं नाही. मनिषा मॅडमनी नाकाला पदर लावला होता. त्या छताकडे बघत होत्या, तिथं धूर साचला होता. "ताई, अशा बंद खोलीत मी मुलीला कशी देऊ? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" त्या चिडलेल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

मी साहेबांकडे पाहिलं. ते जळत्या लाकडांकडे बघत होते. म्हणाले, "अट लेखी होती."

ओळीतली सगळी माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली होती. ओळ परत गेली म्हणजे त्या सगळ्यांना पुन्हा रस्ता. मॅडम म्हणाल्या, "करिष्मा आज माझ्याबरोबर परत येईल. पुढचं पुढं बघू." बाहेर जीपच्या काचेला नाक लावून एक पोरगी आमच्याकडेच बघत होती. दोन वेण्या, लाल रिबिनी.

बायनाबाईनं ती पाहिली. मग मॅडमकडे पाहिलं, सुंदररावांकडे पाहिलं. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला नंतर कळलं. तिनं लाकडं ओढून काढली, एकेक राखेत घासून विझवली. मग वाकून पहिला दगड हातानं पाडला. तो तापलेला होता. तिनं हात झटकला आणि दुसरा पाडला. मग तिसरा.

"घ्या," ती म्हणाली. "सोडली जागा. खोली त्यास्नी द्या. माजी नात तेवढी मला द्या."

तिला वाटलं होतं, आपण खोलीवर हक्क सांगितला म्हणून नात अडवून ठेवली. दोन्हीतलं एकच मिळणार, असं तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. कच्ची भाकरी तिनं तशीच फडक्यात बांधली, ताटल्या गाठोड्यात कोंबल्या, तवा काखोटीला मारला आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडून फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. मला रडू फुटलं. सुंदररावांसमोर रडायची वेळ आली याचा संताप येत होता, पण डोळे थांबेनात.

"त्या असं काय करताहेत?" मनिषा मॅडमनी विचारलं. उत्तर दिलं ते परमेश्वर साहेबांनी.

"दगड पाडले त्यांनी. टोळीत जागा सोडताना पाडतात." ते म्हणाले, "माझी आई पाडायची. मी ट्रकवर चढून बसलेला असायचो. वरून ते पडलेले दगड दिसायचे."

मग त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट घेतलं, एक दगड त्यात धरला आणि बाहेर नेला. दुसरा नेला. तिसरा नेला. खोलीसमोरच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, इस्त्रीच्या पँटीचे गुडघे मातीत टेकून ते बसले. वारा कुठून येतोय ते बघितलं, आणि दोन दगड दोन बाजूंना, एक मागे, असे मांडायला लागले.

"मॅडम, अट खोलीच्या आतली आहे, आणि आतला विस्तव त्यांनी विझवलाय," मान वर न करता ते म्हणाले. "अंगणाबद्दल आमच्या खात्यानं काही लिहिलेलं नाही. आणि सुंदरराव, तुमच्या ड्रायव्हरला घर आहे, असं ऐकलं. बरोबर ना?"

सुंदररावांना एकदम एका कार्यक्रमाची आठवण झाली. ड्रायव्हरला हाका मारत ते गाडीकडे गेले.

मनिषा मॅडमनी खोलीत जाऊन खिडक्या उघडल्या, कडी लावून बघितली, संडास-मोरी बघितली. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "विस्तव बाहेरच राहील. मुलगी रोज शाळेत दिसली पाहिजे. मी न सांगता येईन." मी मान हलवली. हलवतच राहिले.

मी फाटकाबाहेर गेले. "चला, बायनाबाई. खोली तुमचीच हाय. पोरगी पण."

ती उठेना. "दगड पाडले मी."

"साहेबांनी मांडले परत."

"त्यांनी?" ती झटक्यात उठली. अंगणात येऊन तिनं चुलीकडे पाहिलं, साहेबांच्या मातीनं भरलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्या माणसानं आपली खोली वाचवली, याचे आभार वगैरे काही नाही. म्हणाली, "त्यो मागला दगड लई आत घेतलाय, साहेब. तवा बसायचा न्हाई." आणि बसकण मारून भाजलेल्या हातानं तिनं तो दगड मागे सरकवला. परमेश्वर साहेब हसले. मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं.

मॅडमनी जीपचं दार उघडलं. करिष्मा पाठीला दप्तर, हातात पिशवी घेऊन उतरली. आजीपाशी आली, पण तिला बिलगली नाही. अजून खरं वाटत नसावं. तेवढ्यात रस्त्यानं एक ट्रक गेला, टोळीचा. वर बसलेल्या पोरांनी उगीचच आमच्याकडे बघून हात हलवले. करिष्मा धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. पिशवी तिनं हातातच धरून ठेवली होती.

"आजी, हितून कवा उठायचं?"

बायनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. ठरावात अकरा महिने लिहिलेले होते. मी ते सांगणार, तेवढ्यात तीच बोलली.

"तुजी परीक्षा झाल्याबिगर न्हाई."

"मंजी मोठी? वार्षिक?"

"मोठी."

दर साली दिवाळी झाली की हिचं दप्तर ट्रकवर चढायचं. वार्षिक परीक्षेचा पेपर त्या पोरीनं कधी बघितलाही नव्हता. तिनं आजीच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, मग चुलीपाशी बसली, पिशवी मातीत ठेवली आणि पाठीवरचं दप्तर काढलं.